घाम गाळला म्हणजे व्यायाम झाला?

कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींचं एक ठरलेलं वाक्य आहे. "शेतात राबणाऱ्याला कशाला लागतोय व्यायाम? त्या ऊसतोडवाल्यांकडं बघा, बीपी-शुगर काय माहीत हाय काय त्यांना?" मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळं हे वाक्य दवाखान्यातही ऐकावं लागतं. आता मात्र ते डोक्यात जायला लागलंय. ते चुकीचं तर आहेच, वर फार सोयीचंही आहे.

या समजुतीला शास्त्राचा आधार अजिबात नव्हता असं नाही. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास छापला. बस दुमजली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढून-उतरून तिकिटं देणार. दोघंही एकाच बसवर, साधारण एकाच थरातले. तरी कंडक्टर लोकांत हृदयविकार कमी निघाला, आणि झालाच तर तो तितका जीवघेणा नसायचा. पत्रं वाटणारे पोस्टमन आणि टेबलावर बसणारे टपाल कारकून यांच्यातही तोच फरक. पुढं मॉरिसनी गणवेशाच्या नोंदी काढल्या, तर ड्रायव्हरांच्या पँटची कंबर मोठी, अगदी तरुण ड्रायव्हरांचीसुद्धा. म्हणजे जाड माणसंच आधीपासून ड्रायव्हरकीकडं वळत होती की काय? आपल्याच शोधावर असा संशय घेणारा माणूस मला फार आवडतो. हे डॉक्टर स्वतःही ९९ वर्षं जगले.

तिथून पुढं 'हालचाल चांगली' हे जगभर पक्कं झालं. पण कुठली हालचाल, किती वेळ, आणि त्यानंतर काय, हे प्रश्न मागंच राहिले.

ते नीट विचारले डेन्मार्कच्या आंद्रेयास होल्टरमन आणि त्यांच्यासोबतच्या संशोधकांनी. फावल्या वेळातला व्यायाम आयुष्य वाढवतो, यात वाद नाही. पण कामावरच्या अंगमेहनतीचे आकडे उलटे दिसायला लागले. २०१८ मध्ये १७ अभ्यास एकत्र करून, म्हणजे जवळपास दोन लाख माणसांची माहिती घेऊन एक विश्लेषण छापलं गेलं. त्यात जड अंगमेहनतीचं काम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका सुमारे १८ टक्के जास्त निघाला. बायकांमध्ये तसं दिसलं नाही. यावर भांडण अजून मिटलेलं नाही. नॉर्वेच्या एका मोठ्या अभ्यासात शिक्षण, उत्पन्न, सिगारेट यांचा हिशेब धरल्यावर हा धोका दिसला नाही. म्हणजे दोष कष्टाचा की गरिबीचा, हे सोडवणं अवघड आहे. मला विचाराल तर आपल्याकडं ही दोन्ही एकाच घरात राहतात, त्यामुळं वेगळं काढण्याची घाई मला नाही.

शरीरात काय होतं ते मात्र समजण्यासारखं आहे. तुम्ही पाऊण तास झपाझप चालता, नाडी वाढते, मग दिवसभर खाली राहते, आणि काही महिन्यांत विश्रांतीच्या वेळची नाडीसुद्धा उतरते. हृदयाला ताण मिळाला आणि सावरायला वेळही मिळाला. दिवसभर राबणाऱ्याची नाडी आठ-दहा तास चढलेली असते. दम वाढेल एवढी जोरात नाही, पण हृदयाला उसंत मिळेल एवढी कमीही नाही. त्यात वजन उचलताना माणूस श्वास कोंडतो, की रक्तदाब उसळतो. १९८५ मध्ये कॅनडात बॉडीबिल्डरांच्या हाताच्या धमनीत नळी घालून हे मोजलं होतं. पायांनी जड वजन रेटताना दाब सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला. ते वजन प्रयोगशाळेतलं, कमाल ताकदीचं, हे खरं. पण पट्ठ्यांनी ते काही मिनिटं केलं आणि घरी गेले.

आमच्या तालमीला हे सगळं शास्त्र छापून येण्याआधीच ठाऊक होतं, असं मी अभिमानानं म्हणतो. पोरगा पहाटे उठतो, जोर-बैठका मारतो, हौद्यात उतरून तांबड्या मातीत जोड खेळतो. पण वस्ताद एवढ्यावर थांबत नाहीत. मालिश, थंडाई, खुराक आणि दुपारची झोप, हा सगळा तालमीचाच भाग असतो. दुपारी पोरगं मोबाईल घेऊन बसलं, तर जोर चुकवल्यापेक्षा जास्त शिव्या खातं. शाहू महाराजांच्या खासबाग मैदानात मिनिटा-दोन मिनिटांत चितपट करणारा मल्ल तयार होतो तो या झोपेत. व्यायामानं स्नायूला बारीक इजा होते आणि तो ताकदीनं भरून येतो तो विश्रांतीत. (आणि दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं ते 'लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळं' नाही, ते तर तासाभरात निघून जातं. जिमच्या पोरांनो, आता तरी सोडा हे.)

विश्रांतीचाही अतिरेक असतोच. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तर तीस वर्षांच्या वयानं त्यांच्या दमाचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी केलेलं निघालं. तेव्हा ऑपरेशननंतर आप्पांना महिनाभर पलंगावरून उतरू न देणाऱ्या लेकी-सुनांनी हे वाचावं.

आता तालमीतल्या त्या पोराशेजारी उसाच्या फडातला तोडणीवाला उभा करा. आमचाही ऊस कारखान्याला जातो, त्यामुळं हे मी बांधावरून बघत आलोय. कमरेत वाकून बुडाला कोयता, मग वाढं म्हणजे शेंड्याचा पाला छाटणं, मग मोळी बांधणं. मग ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. फळी दबते, पायाची बोटं तिला पकडून असतात, आणि मान अशी ताठ होते की गळ्याच्या शिरा मोजाव्यात. मोबदला टनावर, त्यामुळं थांबलं की पैसे थांबले. रात्री गाडी आली की उठून भरायची. टोळीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. त्यातली बायको पहाटे भाकऱ्या थापून आलेली असते आणि परत जाऊन पुन्हा चुलीपुढं बसते. लंडनचे बसवाले पुरुष, डॅलसचे पाचही पुरुष. हिच्या विश्रांतीचा हिशेब कुठल्याच तक्त्यात नाही.

आणि ऊसतोडीवर अभ्यास झालेत, पण गाजलेले ते मध्य अमेरिकेतले. निकाराग्वा, एल साल्वादोरच्या ऊसपट्ट्यात मधुमेह नाही, बीपी नाही, अशा तरण्याताठ्या पुरुषांच्या किडन्या निकामी होत होत्या. बोट जातं ते उन्हातल्या सततच्या जड कामाकडं. निकाराग्वात ठरावीक वेळाने विश्रांती, सावली आणि पाणी दिल्यावर किडनीला होणारी इजा कमी झाली. आपला हंगाम बराचसा थंडीतला, त्यामुळं तिथलं चित्र जसंच्या तसं इथं लावू नये. पण मार्चमध्ये शिरोळ-हातकणंगलेच्या फडात दुपारी एकला जाऊन उभं राहून बघा.

चहाच्या रंगाची लघवी ही धोक्याची खूण आहे, एवढं तरी टोळी आणणाऱ्या प्रत्येक मुकादमाला सांगायला हवं. स्नायू फुटून त्यातला रंग लघवीत उतरला की किडनीवर बेततं. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो, गाडी भरून झाल्यावर नव्हे.

जिल्ह्यात एवढे साखर कारखाने आहेत, मेडिकल कॉलेजं आहेत. ऊसतोडीची टोळी आली की एकदा आणि हंगाम संपताना एकदा, रक्तातलं क्रिएटिनिन तपासावं, किडनी नीट चाललीय का ते त्यावरून कळतं. साधी, स्वस्त तपासणी आहे. बायकांचीही करावी, हिमोग्लोबिनसकट. फडाच्या कडेला ताडपत्रीची सावली आणि पिण्याच्या पाण्याचा टँकर, हा खर्च तोडणी-वाहतुकीच्या हिशेबात कुठल्या कुठं जिरेल. अर्ध्या तासाच्या सुट्टीचे पैसे टनाच्या दरात धरावे लागतील, नाहीतर कुणी बसणार नाही. खरी अडचण तिथंच आहे आणि ती संचालक मंडळाला चांगली माहीत आहे. त्यातले काही जण रोज सकाळी रंकाळ्यावर भेटतात, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधून. उद्या मी त्यांना हेच विचारणार आहे.