अराक्नीचं कापड आणि गर्वहरण : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ग्रीक पुराणकथांमधल्या मत्सरावरच्या माझ्या लेखाला आलेली आपली प्रतिक्रिया वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं वाटलं होतं, पण ते जमेना, म्हणून सविस्तर लिहिते आहे. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा: विणकामाची देवी अथीना हिला अराक्नी या विणकर मुलीचा मत्सर वाटला हे मी पदरचं घातलंय, ती सरळसरळ गर्वहरणाची कथा आहे, डेडलस या कारागिराच्या भाच्याला वाचवणारी देवी मत्सरी असूच शकत नाही, देवराज झ्यूसची बायको हेरा हिला मी झुकतं माप दिलं, सवतीमत्सर आपल्या सत्यभामेलाही होता, त्यासाठी ग्रीसला जायची गरज नव्हती, आणि शेवटी, "बायकी चष्मा लावून, इकडचं तिकडचं वाचून पुराणांवर लिहू नये, ताई."

आधी या शेवटच्या वाक्याचं बघू. मतभेद मला चालतात, आवडतात. पण 'ताई' म्हणायचं आणि त्याच ओळीत अक्कल काढायची, ही कुठली रीत? हेच वाक्य आपण एखाद्या निवृत्त प्राध्यापकांना लिहिलं असतंत का? मला नाही वाटत. मुद्दा खोडायचा असेल तर खुशाल खोडा, त्यासाठी लिहिणारीच्या बाईपणापर्यंत जायचं कारण नव्हतं.

एक गोष्ट मात्र मान्य करते. ही कथा 'मेटामॉर्फोसेस' या काव्यात सविस्तर सांगतो तो ओव्हिड हा रोमन कवी, आणि तो देवीला मिनर्व्हा म्हणतो. हे लेखाच्या सुरुवातीलाच यायला हवं होतं, तशी दुरुस्ती केली आहे.

आता गर्वहरण. अराक्नी गर्विष्ठ होती हे मी कधी नाकारलं? लिडियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) लोकर रंगवणाऱ्याची ती मुलगी, घराणं ना कुळ, सगळं नाव हाताच्या कसबावर मिळवलेलं. देवीनं मला शिकवलं हे ती कबूल करत नाही. अथीना म्हातारीच्या वेषात येऊन चार शब्द सांगते, ही तिला हाकलून लावते. देवी खऱ्या रूपात उभी राहते, आजूबाजूच्या सगळ्या जणी वाकतात, ही वाकत नाही. गर्वाची शिक्षाच द्यायची होती तर ती इथेच द्यायची! गर्वाचा पुरावा आणखी काय हवा होता? पण देवी इथे हात उगारत नाही. ती माग मांडून बसते.

दोघी विणतात. अथीनाच्या कापडात मधोमध अथेन्ससाठी समुद्रदेव पोसायडनशी झालेला तिचा वाद, भोवती बारा देव, चार कोपऱ्यांत देवांशी बरोबरी करायला गेलेल्यांच्या दुर्दशेची चित्रं, कडेनं ऑलिव्हच्या डहाळ्या. अराक्नीच्या कापडात बैलावर बसलेली युरोपा, हंसाच्या पंखांखाली लीडा, देवांनी रूपं बदलून फसवलेल्या बायका एकीमागून एक. आणि इथे ओव्हिड स्पष्ट लिहितो की या कामात देवीला दोष काढता येईना, खुद्द असूयेलाही काढता आला नसता. त्या यशानं अथीनाला दुःख झालं. मग तिनं कापड फाडलं आणि हातातला धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा, अराक्नीच्या कपाळावर तीन-चारदा हाणला. क्रम बघा. गर्व पहिल्यापासून समोर होता. फटका बसला तो कापड बघितल्यावर. चित्रांतून देवांची अब्रू निघत होती, हे खरंच. पण कवी आधी नाव घेतो ते यशाचं. हे मी पदरचं घातलं? त्या काव्याचा सहावा भाग उघडा आणि वाचा.

"इकडचं तिकडचं" वाचून मला हे कळलेलं नाही. सोलापुरात आमच्या घरात पुढच्या खोलीत हातमाग होता, मी त्याच्या खटखटीत वाढले. धोटा म्हणजे काय हे मला कुणी शब्दकोशातून सांगावं लागत नाही. कठीण लाकूड, दोन्ही टोकांना लोखंड, चुकून बोटावर आला तरी डोळ्यांत पाणी. बाबांनी एकदा जोडकाठाचं लुगडं मागावरून उतरवलं तेव्हा त्यांच्याच तोडीचे एक विणकर बघायला आले होते. त्यांनी काठावरून अंगठा फिरवला, उलट्या बाजूनं फिरवला, उजेडाकडे धरलं. गाठ नाही, सुटलेला धागा नाही. ते काही बोलले नाहीत, चहाही न घेता गेले. आठवड्याभरात बाजारपेठेत बातमी की बाबांचा रंग कच्चा आहे. त्या माणसाला बाबांचा गर्व खुपला नव्हता. बाबा गर्विष्ठ नव्हतेच.

डेडलसच्या भाच्याचं उत्तरही यातच आहे. बारा वर्षांचं पोर, माशाच्या काट्यावरून त्यानं करवत काढली, म्हणून मामानंच त्याला अथेन्सच्या गडावरून ढकललं आणि अथीनानं वरच्यावर झेलून त्याचा तितर केला. तिला गुणी माणसांचं कौतुक आहे, मान्य. पण ते पोर तिच्या मागावर बसलं नव्हतं, मामाच्या धंद्यात होतं. हेसिऑड हा ग्रीक कवी ओव्हिडच्या कितीतरी शतकं आधी सांगून गेला आहे की कुंभाराला कुंभार खुपतो, गवयाला गवई. आणि राजकन्या अग्लॉरसला बहिणीच्या सुखावर जळायला लावायचं म्हणून काळोख्या दरीत, सापांचं मांस खात बसलेल्या असूया या देवतेच्या दारात स्वतः कोण गेलं होतं? हीच अथीना. असूयेकडे बघवेना म्हणून अथीनानं तोंड फिरवलं, पण काम करून घेतलंच.

हेरा आणि सत्यभामा यांवर इथे लिहीत नाही. पारिजातकाचा या लेखाशी संबंध नाही, आणि हेरावर माझं जे मत आहे ते आपल्या एका ओळीनं बदलणार नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढचं लिहायचं असेल तर अराक्नीच्या कापडात देवीला सापडलेला एक दोष ओव्हिडच्या ओळींतून काढून दाखवा. मग गर्वहरणावर बोलू.