काकू लेफ्ट झाल्या

आज सकाळी आमच्या गच्चीबागेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काकू लेफ्ट झाल्या. मी डबा भरत होते. हातातल्या मोबाइलकडे बघता बघता तव्यावरची पोळी करपली, ते असो.

झालं असं. काकूंनी सकाळी लिहिलं की बुधवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी सांगितलंय की काही दिवस वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्यात धूळ-पाणी जाऊ द्यायचं नाही. तर एवढ्या कुंड्यांचं काय करू? लगेच कुणी विचारलं, कुठला डोळा? कुणी लिहिलं, आमच्या सासूबाईंचं झालं मागच्याच महिन्यात, अजिबात घाबरू नका. एकीने कुठले ड्रॉप्स किती वेळा घालायचे ते सुरू केलं. आणि काकूंच्याच भागातल्या एका बाईंनी लिहिलं, 'मी येत जाईन पाणी घालायला, पत्ता पाठवा.' हे सगळं पंधरा मिनिटांत. मग अ‍ॅडमिनसाहेबांना जाग आली. सगळे मेसेज पुसले आणि ठळक अक्षरांत टाकलं: 'हा ग्रुप फक्त बागकामासाठी आहे. आजारपण, रेसिपी, वैयक्तिक गप्पा टाकू नयेत. अवांतर टाकणाऱ्यास रिमूव्ह करण्यात येईल.'

काकूंनी एकच शब्द लिहिला. 'क्षमस्व.' आणि गेल्या.

बाहत्तर वर्षांच्या बाईला तुम्ही क्षमस्व म्हणायला लावता? कुंड्यांना पाणी कोण घालणार हा प्रश्न बागकामात बसत नसेल, तर बागकामात नक्की काय बसतं, कोकोपीट?

मी या ग्रुपमध्ये आले ती बाबांच्या सोनचाफ्यामुळे. २०१९च्या दिवाळीआधी बाबा गेले आणि मागे चाळीस कुंड्या आणि ड्रममधला एक कलमी चाफा ठेवून गेले. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. महिन्याभरात चाफ्याची पानं पिवळी पडून गळायला लागली. कुणाच्या तरी ओळखीने ग्रुपमध्ये शिरले, फोटो टाकला आणि विचारलं, काय घालू? उत्तरं धडाधड आली. नीमपेंड घाला, शेणखत घाला, एप्सम सॉल्ट घाला, जीवामृत घाला. काकूंनी मात्र उलट विचारलं, 'पाणी किती वेळा घालतेस?' मी म्हटलं, सकाळ-संध्याकाळ, न चुकता. त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न: 'वडील कधी गेले?'

मी त्याआधी फक्त 'बाबांचं झाड आहे' एवढंच लिहिलं होतं.

आता सांगा, हे अवांतर का? आजचा नियम लावला तर शंभर टक्के अवांतर. आजचे अ‍ॅडमिन असते तर तो प्रश्न दोन मिनिटांत पुसला गेला असता, मी चाफ्याला जीवामृत पाजत बसले असते आणि झाड मेलं असतं.

हां, मान्य, हजार माणसांच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाने आपली दुखणी सांगायला सुरुवात केली तर कठीण आहे. आणि गुड मॉर्निंगवाल्यांना माझ्याकडूनही दया नाही. २०२४च्या निवडणुकीत दोन सभ्य गृहस्थ एका टोमॅटोच्या फोटोखाली एकमेकांचे बाप काढत होते, तेव्हा पुसलं ते बरंच केलं. झालं? पुढे.

पण मग विषयाला धरून काय चालतं तेही बघा की. दर पावसाळ्यात रात्री बारा वाजता ब्रह्मकमळाचे फोटो. एक नाही, चाळीस. प्रत्येक फोटोखाली तेच एक गृहस्थ तेच लिहिणार, की हे खरं ब्रह्मकमळ नव्हे, हे मेक्सिकोकडचं निवडुंग, खरं हिमालयात असतं. अहो, आहे माहीत! गेली सहा वर्षं माहीत आहे! त्यानंतर जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण, त्यावर नीमतेल, ते साबणाच्या पाण्यात किती घालायचं, यावर वर्षातून पन्नास वेळा तीच चर्चा. ती चालते. कारण विषयाला धरून आहे. आणि अळूच्या फोटोवर कुणी म्हणालं, वडीला काळ्या देठाचा घ्या, हा खाजरा निघेल, की लगेच 'रेसिपी नको'. अळू लावायचा कशाला मग, शोभेला?

पूर्वी असं नव्हतं. मराठी संकेतस्थळांवर लोक प्रतिसादाच्या तळाशी 'अवांतर' असं लिहून मग खुशाल काहीही विचारायचे, कुणाची बदली, कुणाच्या मुलीचं लग्न, आणि मी आधी तळच वाचायचे. तो शब्द दार उघडायला होता. आता तोच शब्द दाराबाहेर काढायला वापरतात. आमच्या ग्रुपचं बिनसलं ते २०२२ पासून. त्या साली व्हॉट्सअ‍ॅपने ग्रुपची मर्यादा २५६ वरून ५१२ आणि पुढे १०२४ वर नेली, आणि त्याच साली अ‍ॅडमिनला दुसऱ्यांचे मेसेज पुसायची सोयही दिली. माणसं वाढली आणि हातात खोडरबर आलं.

अ‍ॅडमिनसाहेबांचं ठरलेलं वाक्य आहे, 'उद्या काही झालं तर पोलीस माझ्या दारात येतील.' साहेब, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलंय की सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं तर निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला त्या गुन्ह्यात ओढता येत नाही, त्याचाही त्यात हात असावा लागतो. मोतीबिंदूसाठी तर कुणीच येणार नाही.

बरं, अवांतरासाठी त्यांनी वेगळा ग्रुप काढून पाहिला. 'गप्पांचा पार' की काय नाव होतं. दोन आठवडे चालला, मग नुसते फॉरवर्ड, मग तेही बंद. या, आता गप्पा मारा, असं सांगून कुणी गप्पा मारतं का? एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जाऊन बघा जानेवारीत. लोक गुलाब बघायला येतात आणि निम्मा वेळ गुडघ्यांबद्दल बोलत असतात. तिथे कुणी शिट्टी वाजवत नाही.

परत चाफ्यावर येते. त्या दिवशी काकूंनी नंबर मागितला आणि फोन केला. तासभर बोललो. त्यातली दहा मिनिटं झाडावर. खालची ताटली काढ. ड्रमचं भोक बुजलं असेल, सळईने मोकळं कर. माती बोटाने बघ, दुसऱ्या पेरापर्यंत ओली लागली तर पाणी घालायचं नाही. सळई घातली तर काळं पाणी आलं, वास मारत होता. उरलेली पन्नास मिनिटं मी रडत होते आणि काकू मधेच 'हं' म्हणत होत्या. शेवटी म्हणाल्या, 'झाडाला दोनदा पाणी घालतेस ते कळलं गं मला. आता एकदाच घाल. दुसऱ्या वेळी मला फोन कर.'

मी करायचे. बरेच महिने. चाफ्याला पुढच्या उन्हाळ्यात सहा फुलं आली.

लिहायला बसले तेव्हा ग्रुपचं नावच टाकणार होते इथे. आता नको वाटतंय. अ‍ॅडमिन माणूस वाईट नाही, फुकटात करतो, सकाळी उठून दोनशे मेसेज वाचायचे म्हणजे कुणाचंही डोकं फिरेल. मला त्याचा राग आहेच, पण संध्याकाळी काकूंशी बोलले आणि त्यांनाच नव्हता. म्हणाल्या, 'अगं नियम आहे तर आहे. मला वाईट एवढंच वाटलं, की ती पाणी घालायला येते म्हणाली ना, तिचं नाव बघायच्या आत मेसेज गेला. मी चष्मा शोधत होते.'

मी पुण्यात, काकू ठाण्यात. ग्रुपमध्ये विचारलं तर तेही पुसलं जाईल. म्हणून हे इथे.

अवांतर: नौपाड्यात किंवा आसपास कुणी राहत असेल तर मला इनबॉक्स करा. बुधवारपासून साधारण दोन आठवडे, दिवसातून एकदाच यायचं. अठ्ठावन्न कुंड्या आहेत, तिसरा मजला, लिफ्ट आहे. मोगरा आणि कढीपत्ता गॅलरीच्या टोकाला आहेत, ते विसरायचे नाहीत. पाणी घालण्याआधी बोट घालून बघायचं, दुसऱ्या पेरापर्यंत.