हॅट, हॅट्स, हेन, हेन्स

परवा आमच्या सोसायटीच्या गणपतीत 'शब्दशोध' स्पर्धा झाली आणि मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. या वयात मला कोणी कशासाठी उत्तेजन देतंय, ते देवाला ठाऊक. माझ्याबरोबर तेच बक्षीस घ्यायला स्टेजवर उभा असलेला दुसरा स्पर्धक इयत्ता चौथीत आहे.

फळ्यावर इंग्रजीत 'गणेशोत्सव' लिहिलं होतं. जी, ए, एन, ई, एस, एच, ओ, टी, एस, ए, व्ही. या अकरा अक्षरांतून दहा मिनिटांत जमतील तेवढे इंग्रजी शब्द काढायचे. गणपतीत इंग्रजी कशाला, असं विचारलं की सांस्कृतिक समिती म्हणते, "मुलांना इंटरेस्ट यावा म्हणून." मुलं त्या वेळी पार्किंगमध्ये क्रिकेट खेळत होती.

मी स्क्रॅबल, म्हणजे सुट्या अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द करायचा खेळ, खेळणारी बाई. अक्षरं दिसली की आधी शेपूट शोधायचं, हे अंगवळणी पडलेलं. इथे शेपूट समोरच होतं: ए, जी, ई. ते मागे लावलं की स्टेज, सॅव्हेज, होस्टेज, व्हॅन्टेज अशी रांगच लागते. त्यात व्ही वापरला गेला याचा आनंद वेगळा. व्ही हे स्क्रॅबलवाल्यांचं जुनं दुखणं, त्याचा दोन अक्षरी शब्द एकही होत नाही. मग सोनाटा, सॅव्हंट, घोस्ट, गोट, ओथ. कागद देताना मी मनातल्या मनात पहिल्या बक्षिसाचा कॅसरोल ओट्यावर कुठे ठेवायचा तेही ठरवून टाकलं होतं.

परीक्षक होते बी विंगचे काका. सरकारी खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. हातात लाल पेन, समोर पुठ्ठा सुटलेली पॉकेट डिक्शनरी आणि तोंडाशी माइक. तो माइक त्यांनी तपासणीच्या वेळीही बंद केला नाही.

"घोस्ट," काका म्हणाले. सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. "ताई, बाप्पाच्या नावातून भूत काढलंत?"

"काका, अक्षरं आहेत त्यात."

"अक्षरं असतील हो. पण औचित्य?" लाल रेघ. "पुढे काय, गोट. बोकड! चतुर्थीच्या मांडवात बोकड!" मागून कोणीतरी हसलं. रेघ. होस्टेज अशुभ म्हणून गेला. सॅव्हेज 'महिलांनी लिहिण्यासारखा नाही' म्हणून गेला.

इथवर मी धार्मिक भावनांचा मान राखून गप्प होते. पण मग काकांनी भाषाशास्त्र काढलं.

"सोनाटा. हे घड्याळ आहे. ब्रँड चालत नाहीत."

"काका, सोनाटा हा पाश्चात्त्य संगीतातला एक—"

"माझ्या हातातच आहे ना." त्यांनी मनगट वर करून सगळ्यांना घड्याळ दाखवलं. टाळ्या पडल्या. "व्हॅन्टेज. यातला सुरुवातीचा ॲड राहिलाय, ॲडव्हान्टेज पाहिजे. आणि हे काय, सॅव्हंट? सर्व्हंटचं स्पेलिंग चुकलंय ताई. इंग्लिश मीडियमची ना तुम्ही?"

मी म्हटलं, डिक्शनरी बघा. त्यांनी एस काढला, बोट फिरवलं, आणि त्या पॉकेट डिक्शनरीत सॅव्हंट नव्हता. ज्या पुस्तकाची निम्मी पानं मुळात रेल्वेच्या वेळापत्रकासारखी सुटून आली आहेत, त्यात काय असणार! "अर्थ सांगा बरं," काका म्हणाले. मी सांगितला, विद्वान. मांडव पुन्हा हसला. आता यात हसण्यासारखं काय होतं?

आणि अर्थ हवाच कशाला? न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स फ्रेंच बोलता येत नसताना २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला. नुसती शब्दांची यादी पाठ करून. २०२४ मध्ये स्पॅनिशमध्येही त्याने तेच केलं. त्याला कोणी स्टेजवर उभं करून "अर्थ सांगा बरं" म्हटलं नाही. आमच्या काकांनी त्याला उत्तेजनार्थ दिलं असतं.

पहिलं बक्षीस सी विंगच्या एका वहिनींना. त्यांचा कागद काकांनी कौतुकाने वाचून दाखवला: हॅट, हॅट्स, हेन, हेन्स, नेट, नेट्स. प्रत्येकी एक गुण. म्हणजे आठ अक्षरी होस्टेजेसला जो गुण (मिळाला असता तर) मिळाला असता, तोच कोंबडीला, आणि कोंबड्यांना पुन्हा वेगळा. बोकड चालत नाही, कोंबडी चालते!

हा एस-चा घोळ काही नवा नाही. स्क्रॅबलचा जनक आल्फ्रेड बट्स हा अमेरिकेतला आर्किटेक्ट. महामंदीत नोकरी गेली, तेव्हा त्याने वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून कुठलं अक्षर किती वेळा येतं ते काढलं आणि त्यावरून खेळातल्या सोंगट्या ठरवल्या. शंभर सोंगट्यांत ई चक्क बारा, पण एस फक्त चार. एस भरपूर येतो हे त्याला मोजून कळलेलं होतंच, पण ऊठसूट अनेकवचनं करून कोणी गुण लाटू नयेत म्हणून त्याने तो हात आखडता घेतला. बेकार माणसाला १९३०च्या दशकात सुचलं ते आमच्या समितीला तीन मीटिंगा आणि चहा-वेफर्स घेऊन सुचत नाही.

बरं, तेही सोडलं असतं. पण वहिनींच्या यादीत 'सीन' होता. एस, ई, ई, एन. खाली 'टीथ'ही होता. मी काकांजवळ जाऊन हळूच म्हटलं, "काका, गणेशोत्सवात ई एकच आहे."

काकांनी माइकवर सांगितलं, "ताईंचं म्हणणं आहे, एक ई जास्त झालाय."

"दोन शब्दांत. टीथमध्ये टीसुद्धा."

"सणासुदीला एका ई-साठी काय भांडायचं?" काका म्हणाले. मग वहिनीच मला समजावायला आल्या, "तुम्हाला कॅसरोल हवा असेल तर घेऊन जा ना, माझ्याकडे आहेत दोन." बायको समजूतदार नाही म्हणून शेजारचे आमच्या ह्यांच्याकडे सहानुभूतीने बघू लागले, आणि ह्यांनी ती सहानुभूती बिनदिक्कत घेतली.

मला मिळाला स्टीलचा चमचा. मेंटेनन्सच्या बिलात वर्गणी लावून घेतात, ती मात्र पूर्ण अंकांत असते. तिथे कोणी औचित्य बघत नाही.

रात्री ग्रुपवर विजेत्यांचे फोटो आले. मी खाली एवढंच लिहिलं, 'ई एकच आहे.' त्यावर पटापट जोडलेले हात आले, दोन मोदक आले, आणि काकांनी लिहिलं, 'खरंय ताई. देव एकच आहे. मोरया!'