जेम्स लेमनला जेफर्सनने पाठवले नव्हते

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या इतिहासात शंभराहून जास्त वर्षे एक गोष्ट फिरते आहे. व्हर्जिनियातला जेम्स लेमन नावाचा तरुण मे 1784 मध्ये ॲनापोलिसला पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफर्सनला भेटला. दोघांत गुप्त करार झाला. जेफर्सनने खर्चाला 100 डॉलर दिले आणि ओहायो नदीपलीकडे गुलामगिरीला थारा मिळू नये म्हणून त्याला इलिनॉयच्या माळरानावर धाडले. पुढे 1809 मध्ये लेमनने बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाची गुलामगिरीविरोधी मंडळी, म्हणजे भाविकांचा समुदाय, उभी केली, तीही म्हणे जेफर्सनच्या सांगण्यावरून आणि त्याच्या 20 डॉलरांच्या देणगीवर. या करारामुळेच इलिनॉय गुलामगिरीमुक्त राज्य झाले, असा या गोष्टीचा शेवट असतो.

लेमन खरा होता. त्याची मंडळीही खरी होती. कराराची गोष्ट मात्र मी मानत नाही.

सुरुवात कागदांपासून करू. हा करार सांगणारी पत्रे आणि टिपणे 1915 मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली, पण ती नकलांवरून. नकला पुरवल्या लेमनच्याच वंशजांनी, आणि मूळ कागद हरवल्याचे सांगितले गेले. जेफर्सन, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला विल्यम हेन्री हॅरिसन, धर्मोपदेशक जॉन मेसन पेक, शेवटी अब्राहम लिंकनसुद्धा, असे सगळे थोर लोक या एकाच पेटाऱ्यातून लेमन घराण्याची वाखाणणी करत बाहेर येतात. अस्सल कागद एकही समोर नाही आणि घराबाहेरचा त्या काळचा साक्षीदारही नाही. एवढ्या मोठ्या दाव्याला घरच्या नकला पुरत नाहीत.

‘पण जेफर्सन गुलामगिरीच्या विरोधात होताच ना?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि गोष्ट पटते ती इथेच. पश्चिमेकडच्या प्रदेशात 1800 नंतर गुलामगिरी नको, असा प्रस्ताव त्याने 1784 मध्ये मांडला होता, आणि तो एका मताने पडला. पण त्याच माणसाचे 1814 चे पत्र पाहा. त्याच्याच मुलखातला तरुण एडवर्ड कोल्स याने त्याला विनवले की गुलामगिरी संपवण्याच्या कामाचे पुढारीपण घ्या. जेफर्सनने वयाचे कारण देऊन ते नाकारले, आणि कोल्सने गुलामांसह व्हर्जिनियातच राहावे असा सल्ला दिला. कोल्सने तो मानला नाही. 1819 मध्ये इलिनॉयला जाताना ओहायो नदीत, होडीतच त्याने आपल्या गुलामांना मुक्त केले. जेफर्सनने आयुष्यभरात 600 हून जास्त माणसे गुलाम म्हणून बाळगली आणि त्यांतली अगदी मोजकी सोडली. अशा माणसाने तीस वर्षे गुपचूप एका शेतकऱ्याकरवी गुलामगिरीशी लढा दिला, हे मानायला भक्कम पुरावा लागेल.

मग लेमन इलिनॉयला का गेला? यासाठी गुप्त दूताची गरज नाही, त्याच्या सासुरवाडीकडे बघितले तरी पुरते. पत्नी कॅथरिनचे वडील कॅप्टन जोसेफ ओगल 1785 मध्ये तिकडे गेले होते. पुढच्याच वर्षी लेक-जावई मुलाबाळांसह निघाले. माळरानावर वस्ती करणारी असंख्य कुटुंबे अशीच आप्तांच्या मागोमाग गेली. वाटेतली एक आठवण पेकने लिहून ठेवली आहे. ओहायोवर रात्री पाणी उतरले, सपाट तळाची होडी बुंध्यावर अडकून कलली आणि बरेच सामान वाहून गेले. तीन वर्षांचा रॉबर्ट अंथरुणासकट पाण्यावर तरंगत निघाला, त्याला बापाने वाचवले. करारातल्या 100 डॉलरांपेक्षा मला हे पोर जास्त खरे वाटते.

न्यू डिझाइन इथे त्यांनी घर केले, आजच्या मन्रो काउंटीत. सासरे मेथडिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथात गेले. जावई आणि लेकीने फेब्रुवारी 1794 मध्ये, ऐन थंडीत, फाउंटन क्रीकच्या पाण्यात बाप्टिस्ट पद्धतीने बाप्तिस्मा घेतला. केंटकीचा उपदेशक जोसाया डॉज याने तो दिला. 1796 मध्ये न्यू डिझाइनला इलिनॉयमधली पहिली बाप्टिस्ट मंडळी स्थापन झाली. या कहाणीत कॅथरिनचे नाव बहुतेक वेळा गळते. तिने नवऱ्यासोबत बाप्तिस्मा घेतला, पोरे वाढवली आणि त्याच्यामागे सतरा वर्षे जगली. मुलांपैकी अनेक जण उपदेशक झाले.

1809 मध्ये वेगळी मंडळी निघाली, त्या फुटीचे मूळही मॉन्टिसेलोत, म्हणजे जेफर्सनच्या घरी, शोधायला नको. केंटकीत कार्टर टॅरंट आणि डेव्हिड बॅरो या बाप्टिस्ट उपदेशकांनी 1807 मध्येच गुलाम बाळगणाऱ्यांशी मंडळीचे नाते तोडणारी ‘फ्रेंड्स ऑफ ह्युमॅनिटी’ ही चळवळ उभी केली होती. लेमनने तीच वाट धरली. आपल्याच संघात, म्हणजे आसपासच्या बाप्टिस्ट मंडळींच्या एकत्र संघटनेत, शेजाऱ्यांच्या तोंडावर, त्याने हा प्रश्न उभा केला. संघ फुटला, आणि 10 डिसेंबर 1809 रोजी मूठभर माणसांनी कँटीन क्रीकवर वेगळी मंडळी बांधली. ती पुढे बेथेल म्हणून ओळखली गेली. ज्यांच्यासोबत प्रार्थना केली, त्यांच्यापासूनच वेगळे होणे सोपे नसते. ते धैर्य त्या माणसांचे आहे. जेफर्सनच्या नावे ते जमा करताना त्यांच्याच पदरातून काढून घेतले जाते, आणि मला खटकते ते हेच.

आता ‘इलिनॉय मुक्त झाले’ हा भाग. 1787 च्या कायद्याने तिथे गुलामगिरीला बंदी घातली, तेव्हा जेफर्सन पॅरिसमध्ये होता. बंदीनंतरही फ्रेंच वसाहतवाल्यांचे गुलाम गुलामच राहिले, आणि इतरांना करारनाम्यावर अंगठा घेऊन वर्षानुवर्षे राबवले गेले. 1820 च्या जनगणनेत इलिनॉयमध्ये 917 गुलाम नोंदले आहेत. 1818 ची राज्यघटना लिहिणाऱ्यांत लेमनचा त्याच नावाचा मुलगा, धाकटा जेम्स, हाही होता, तरी त्या घटनेने जुने करारनामे मोडले नाहीत. गुलामगिरीला वाट करून देण्यासाठी घटना बदलावी का, यावर ऑगस्ट 1824 मध्ये मतदान झाले. विरोधात 6,640 आणि बाजूने 4,972 मते पडली. त्या लढ्यात, तोवर इलिनॉयचा राज्यपाल झालेला कोल्स आणि पेक पुढे होते. थोरला लेमन जानेवारी 1823 मध्येच वारला होता.

मतदानानंतरही काम संपले नव्हते. जोसेफ जॅरोट हा कृष्णवर्णीय माणूस गुलाम म्हणून धरला गेला होता. त्याने मालकिणीवर मजुरीसाठी दावा लावला, आणि 1845 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल देऊन जुन्या फ्रेंच गुलामांच्या वंशजांना मोकळे केले. हा खटला लेमन मंडळींच्या भागातल्याच सेंट क्लेअर काउंटीतून वर गेला होता.