राउंड कोणाचा?

डब्लिनमध्ये टेम्पल बार भागातले पब पर्यटकांसाठी. खरा पब वस्तीतला. आमच्या फिब्सबरोमध्ये असाच एक आहे: काळपट लाकूड, आवाज बंद केलेल्या टीव्हीवर घोड्यांची शर्यत आणि एका कोपऱ्यात ‘स्नग’ नावाची दार असलेली चिमुकली खोली. पूर्वी बायका आणि पाद्री तिथे बसून कुणाच्या नजरेस न पडता घोट घेत. मीही तिथेच दडलो असतो, पण सोबत ऑफिसची मंडळी.

माझी कुवत एका ग्लासाची. हे सांगायची इथे संधीच मिळत नाही, कारण स्वतःचं स्वतः कोणी घेतच नाही. एक जण उठतो, सगळ्यांसाठी आणतो; हा झाला एक राउंड. त्याचं संपत आलं की दुसरा उठतो. पाच जण असाल तर माणशी पाच पाइंट. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. एवढं पाणीसुद्धा मी डॉक्टरांनी बजावूनही दिवसभरात पीत नाही. मधेच घरी निघालो तर फुकट पिऊन पळालेला. पहिला राउंड आपणच देऊन मोकळं व्हावं, तर उरलेले चौघे सूड उगवल्यासारखे पाजतात. पंगतीत निदान पानावर हात आडवा धरता येतो. इथे पान मांडल्याचं कळायच्या आत जिलबी पडलेली असते.

बरं, चखणा म्हणाल तर बटाट्याच्या वेफर्सची पुडी. चीज-कांदा चवीची. ती शिवणीवरून उभी फाडून, चंदेरी बाजू वर करून टेबलाच्या मधोमध अंथरतात आणि पाच माणसं त्यावर तासभर काढतात. शेव नाही, शेंगदाण्यावर कांदा-लिंबू नाही. दारूच्या बाबतीत एवढा दिलदार समाज खाण्याच्या बाबतीत असा का, कोण जाणे.

माझी पाळी आली की मी काउंटरपाशी जातो. तिथे रांग नसते. कोण कोणाच्या आधी आलं हे बारमनच्या डोक्यात असतं. नोट हलवली तर तो तुम्हाला मुद्दाम विसरतो. नुसती भुवई उचलायची. मग गिनेस, म्हणजे इथली काळी बिअर. पाऊण ग्लास भरून तो ठेवून देतो आणि दुसऱ्याच कामाला लागतो. कंपनीच्या हिशेबाने पूर्ण भरायला ११९.५ सेकंद. ग्लासात तपकिरी ढग काचेलगत खाली सरकताना दिसतात. बुडबुडे वर जायचे सोडून खाली का जातात, याचं गणित लिमरिक विद्यापीठातल्या लोकांनी २०१२ मध्ये मांडलं: ग्लास खाली निमुळता म्हणून. पाच ग्लासांसमोर उभं राहून मीही त्यावर बराच विचार केला आहे. तेवढाच वेळ पिण्यातून सुटका.

सिगारेट ओढणाऱ्यांचं बरं आहे. २००४ पासून पबच्या आत धूम्रपानाला बंदी, त्यामुळे त्यांना बाहेर पडायला सरकारमान्य कारण मिळतं.

तर त्या दिवशी काउंटरवरच्या एका आजोबांनी विचारलं, कुठला? म्हटलं, मुंबई. “अरे, म्हणजे लिओच्या वडिलांकडचा!” लिओ वराडकर इथले माजी पंतप्रधान, वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड. मालवणात माझं कोणी नाही, हे मी परोपरीने सांगितलं. आजोबांनी तेवढ्यात माझ्यासाठी एक पाइंट सांगितलाही होता. आता हे कर्ज आमच्या टेबलाच्या हिशेबाबाहेरचं.

ऑफिसातल्या एका अनुभवी सहकाऱ्याने कानमंत्र दिला होता: इथे न पिण्याची दोनच कारणं चालतात, गाडी चालवायची आहे किंवा अँटिबायोटिक्स चालू आहेत. गाडी माझ्याकडे नाही. मी घसा खाकरला, सर्दी झाली आहे, गोळ्या चालू आहेत म्हणालो.

टेबलावर क्षणभर खरीखुरी काळजी पसरली. मग एक जण उठला आणि गरम व्हिस्की घेऊन आला: साखर, गरम पाणी, लवंगा टोचलेली लिंबाची चकती.

“पी,” तो म्हणाला. “हे राउंडमध्ये धरायचं नाही. औषध आहे.”