ऐकत नाही, की थांबता येत नाही?
अजिबात न ऐकणाऱ्या, चंचल मुलांवरच्या तुमच्या लेखातलं बाकी पटलं, पण ‘वेळीच शिस्त लावली की असं मूल ताळ्यावर येतं’ हे वाक्य खटकलं. माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, एडीएचडीचं (यात लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जातं) निदान होऊन २ वर्षं झाली. त्याआधी आम्हीही शिस्तच लावत होतो. ओरडून, खेळणी काढून घेऊन, एकदा तर (लाज वाटते सांगायला) हात उगारून. उपयोग शून्य.

नियम त्याला पाठ असतो हो! नेमक्या क्षणी तो आठवून स्वतःला थांबवणं जमत नाही. २००७ साली अमेरिकेत झालेल्या मेंदूच्या स्कॅनच्या एका अभ्यासात अशा मुलांच्या मेंदूच्या बाह्यावरणाची वाढ साधारण ३ वर्षं मागे असल्याचं दिसलं होतं. हे वाचल्यावर मी माझ्या अपेक्षा ६ वर्षांच्या मुलाइतक्या केल्या आणि घरातली निम्मी भांडणं मिटली. लांबून ‘आवर लवकर’ म्हणून काही होत नाही. जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून ‘आधी मोजे’ एवढंच म्हटलं की मोजे चढतात. मग बूट. शाबासकीही तिथल्या तिथे, कारण ‘रविवारी बक्षीस’ म्हटलं तर रविवार त्याच्यासाठी दुसऱ्या ग्रहावर असतो.

औषधांची सरसकट भीती मात्र घालू नका. मेथिलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाने त्याची भूक कमी झाली हे खरं, म्हणून वजन-उंचीवर लक्ष ठेवतो.

आणि हो, निदानाच्या वेळी फॉर्म भरताना अर्धे प्रश्न माझ्याबद्दलच वाटत होते. लहानपणी मला सगळे ‘धांदरट’ म्हणायचे. पुढच्या महिन्यात माझीही तपासणी आहे.