परस्परसाहाय्य म्हणजे चांगुलपणा नव्हे

स्पर्धा नसेल तर माणूस हातपाय हलवणार नाही, असं एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने ‘माणूस मुळात प्रेमळच असतो हो’ म्हणून त्याला गप्प करायचं. हा वाद ऐकून कान किटलेत. माझं भांडण दोघांशीही आहे, पण जास्त दुसऱ्याशी, कारण तो आपल्या, म्हणजे परस्परसाहाय्य आणि सहकार मानणाऱ्यांच्या, बाजूचा असूनही घात करतो.

रशियन अराजकवादी विचारवंत क्रोपॉटकिनचं नाव या वादात हमखास येतं. १८८८ मध्ये डार्विनचा पाठीराखा इंग्रज जीवशास्त्रज्ञ हक्सले याने प्राणिसृष्टीला ग्लॅडिएटरांच्या, म्हणजे रोमन आखाड्यातल्या लढवय्यांच्या, झुंजीची उपमा दिली. क्रोपॉटकिन तरुणपणी सैबेरियात हिंडलेला होता. तिथे त्याला एकाच जातीच्या प्राण्यांतली मारामारी शोधूनही फारशी सापडली नव्हती. थंडीशी आणि उपासमारीशी एकत्र झगडणारे कळप मात्र दिसले होते. त्याचे उत्तरादाखल लिहिलेले लेख १९०२ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्याने डार्विनला खोडलं नाही, डार्विनच्या नावावर गळेकापूपणा खपवणाऱ्यांना खोडलं. आणि हे परस्परसाहाय्य केवळ प्रेमापोटी चालतं, असंही तो म्हणत नाही. हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

इंग्लंडमधल्या रॉचडेल गावचे विणकर बघा. १८४४ साली अठ्ठावीस जणांनी मिळून दुकान काढलं. माल काय, तर लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ, मेणबत्त्या. नियम कडक: भेसळ नाही, माप चोख आणि उधारी बंद. गरिबांचं दुकान आणि उधारी बंद! दयाळू माणसाने असा नियम केलाच नसता, आणि त्याचं दुकान बुडालं असतं. नफा वाटायचा तो कुणी किती खरेदी केली त्यावर; मत मात्र प्रत्येकाला एकच, भागभांडवल कितीही असो. पैशाला व्याज मिळेल, पण हुकूम चालवता येणार नाही. भांडवलशाहीला खरा छेद इथे जातो, ‘आपण सारे एक’ म्हणण्यात नाही.

स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाचा १५१७ सालचा नियम तर मला फारच आवडतो. हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जेवढ्या गाई पोसता येतील, तेवढ्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या. जास्त सोडल्या तर दंड. सामाईक कुरण ओरबाडून संपणारच, असं अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिनने १९६८ मध्ये ठासून मांडलं होतं. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एलिनोर ऑस्ट्रॉमने अशी गावं, कालवे, मासेमारीच्या जागा अभ्यासून दाखवलं की लोक स्वतः नियम करतात, एकमेकांवर नजर ठेवतात, पहिल्या चुकीला हलकी आणि पुढे वाढती शिक्षा देतात. (२००९ मध्ये तिला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणारी ती पहिली स्त्री.) शेजाऱ्याच्या गाई मोजणारा माणूस आपल्याला खडूस वाटतो. कुरण टिकतं ते त्याच्यामुळे.

दानाचं तसं नसतं. देणारा वर, घेणारा खाली. हिशेब विचारायची घेणाऱ्याची हिंमत होत नाही. परस्परसाहाय्यात आज घेणारा उद्या देणारा असतो, म्हणून तो बैठकीत आवाज चढवू शकतो. मदतगट प्रेमावर उभा केला की राबणारे चारच जण राबत राहतात, थकतात आणि गट विरतो. वहीत नावं असती, पाळ्या ठरल्या असत्या, तर तो टिकला असता.

गट आतून पक्का असला तरी बाहेर बाजार उभा असतोच. स्पेनमधला मॉन्ड्रागॉन हा कामगारांच्या मालकीचा सहकारी समूह. त्यातली घरगुती उपकरणं बनवणारी फागोर २०१३ मध्ये बुडाली. पण समूहातल्या इतर संस्थांनी तिच्या बऱ्याच कामगार-सभासदांना सामावून घेतलं, कारण ती तरतूद आधीपासून होती. कंत्राटी कामगार मात्र सभासदच नव्हते. जुन्या इंग्लंडमध्ये आजारपणात पैसे देणाऱ्या कामगारांच्या मंडळांचीही हीच अडचण होती: वर्गणी भरू शकणारा आत, सगळ्यात गरीब बाहेर. नियमांनी गट टिकतो, आणि त्याच नियमांनी दारही लागतं. दार किती उघडं ठेवायचं, यावर सहकारवाल्यांनी एकमेकांशी कडाकडा भांडावं. माणूस स्वार्थी की प्रेमळ, हा वाद दुसऱ्यांना घालू द्या.